मुंबईची जपानी बहीण

टोकियोच्या ट्रिपमधून एक-दीड दिवस काढा आणि आजी-आजोबांपासून चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत सगळ्यांना घेऊन योकोहामाच्या बंदरावर मनसोक्त भटका!

जपानला जायचं म्हटलं की यादी ठरलेली असते. टोकियो, क्योटो, माउंट फुजी आणि बुलेट ट्रेन. योकोहामाचं नाव या यादीत सहसा नसतंच. खरं तर टोकियोहून हे बंदर ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासावर आहे. म्हणजे फास्ट लोकलने चर्चगेटहून अंधेरी गाठायला लागतो, साधारण तेवढाच वेळ.

मुंबईकरांना तर इथे जायला एक खास कारणही आहे. १९६५ पासून मुंबई आणि योकोहामा ही भगिनी-शहरं आहेत. दोघी समुद्राच्या जिवावर मोठ्या झाल्या. फरक एवढाच, की आपली गोदी अजूनही बरीचशी भिंतीआड आहे, आणि योकोहामाने आपली जुनी गोदी चक्क पोराटोरांच्या हवाली करून टाकलीय.

गोदीत शिरा बिनधास्त

साकुरागिचो स्टेशनवर उतरलात की समोर मिनातो मिराई. आज इथे टॉवर्स, मॉल्स आणि हॉटेल्स दिसतात. पण १९८०च्या दशकापर्यंत इथे जहाजं बांधायचा कारखाना होता. त्याच्या दोन दगडी गोद्या पाडल्या नाहीत. २९६ मीटर उंच लँडमार्क टॉवरच्या पायथ्याशी एका गोदीचा खोलगट चौक केलाय. दुसरीत १९३० सालचं ‘निप्पोन मारू’ हे शिडाचं जहाज उभं आहे. वर्षातून मोजकेच दिवस त्याची सगळी शिडं उघडतात. तारीख जुळली तर सोडू नका.

इथून पुढे जायचे दोन मार्ग. जुन्या मालगाडीच्या रुळांवर केलेली ‘किशामिची’ ही पायवाट, किंवा २०२१ मध्ये सुरू झालेला, पाण्यावरून जाणारा रोपवे. मुलं काय निवडणार, हे सांगायला नकोच! रोपवेतून उतरलं की समोरच ‘कॉस्मो क्लॉक २१’ हा ११२.५ मीटर उंचीचा पाळणा. त्याच्या मधोमध भलंमोठं घड्याळ आहे. एका फेरीला पंधराएक मिनिटं लागतात, आणि पाळण्याला घाबरणारी आजीसुद्धा बसू शकेल इतका तो सावकाश फिरतो.

कपातलं संशोधन

जवळच आहे २०११ मध्ये उघडलेलं कप नूडल्स म्युझियम. मोमोफुकू आंदो या गृहस्थांनी १९५८ मध्ये घरामागच्या शेडमध्ये खटपट करून इन्स्टंट नूडल्स शोधून काढले. ती शेड इथे जशीच्या तशी उभारलीय. पण मुलांची खरी धमाल खालच्या नाही, वरच्या मजल्यावर! रिकामा कप विकत घ्यायचा, त्यावर हवं ते रंगवायचं, सूप निवडायचं, वर चार टॉपिंग्ज टाकायची, आणि तुमच्यासमोर कप सील होऊन हातात येतो. शाकाहारी मंडळींनी कप रंगवण्याची हौस जरूर भागवावी, पण खाण्याआधी आत काय आहे ते विचारावं.

अर्धं गोदाम, पूर्ण बाजार

पुढे लाल विटांची दोन गोदामं दिसतील. ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची कस्टम्सची गोदामं. एक लांबलचक, दुसरं जेमतेम अर्ध्या लांबीचं. असं का? तर १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात त्याचा अर्धा भाग कोसळला. उरलेलं तसंच जपलं, आणि २००२ पासून इथे दुकानं, कॅफे आणि कार्यक्रम सुरू आहेत.

पाय दुखायला लागले असतील तर ओसानबाशी धक्क्यावर जा. क्रूझ टर्मिनलचं छत म्हणजे लाकडी फळ्यांचं मोठं मैदानच. पायऱ्यांऐवजी उतार, त्यामुळे बाबागाडी आणि व्हीलचेअर आरामात फिरते. संध्याकाळी दिवे लागताना अख्खं बंदर इथून दिसतं. तेही फुकट!

एका बागेची गोष्ट

आता यामाशिता पार्क. गुलाब, कारंजी, समुद्राचा वारा. पण तुम्ही ज्या हिरवळीवर बसलात, तिच्याखाली त्याच भूकंपात कोसळलेल्या शहराचा राडारोडा आहे. तो समुद्रात भरून ही बाग तयार केली आणि १९३० मध्ये लोकांसाठी खुली झाली.

बागेच्या एका टोकाला घुमटाची छोटीशी छत्री दिसेल. ती मात्र चुकवू नका. तेव्हा योकोहामात रेशमाचा व्यापार करणारे बरेच भारतीय राहत होते. भूकंपात त्यांच्यातलेही काही गेले. वाचलेल्यांना इथल्या लोकांनी आधार दिला. त्या उपकारांची आठवण म्हणून आणि गेलेल्या बांधवांच्या स्मरणार्थ भारतीयांनी १९३९ मध्ये ही पाणपोई बांधून दिली. सहा वर्षांनी, २९ मे १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शहर पुन्हा बेचिराख झालं. पाणपोई मात्र आजही उभी आहे. मुलांना इथे पाच मिनिटं थांबवा आणि ही गोष्ट सांगा.

शेजारीच नांगरलेलं ‘हिकावा मारू’ आतून बघता येतं. १९३० साली सेवेत आलेलं हे प्रवासी जहाज सिअ‍ॅटलला ये-जा करायचं. चार्ली चॅप्लिनने यातून प्रवास केलाय, आणि युद्धात ते हॉस्पिटल-जहाज होतं. ज्या कंपनीचं हे जहाज, तिच्याशी हातमिळवणी करून जमशेटजी टाटांनी १८९३ मध्ये मुंबई-जपान कापसाची जहाजसेवा सुरू केली होती. त्याच वर्षी स्वामी विवेकानंद याच बंदरातून अमेरिकेकडे निघाले. जहाजावर जमशेटजीही होते!

दुसऱ्या दिवशी

उरलेला अर्धा दिवस सानकेइएनला द्या. हारा तोमितारो या रेशीम-व्यापाऱ्याने स्वतःची ही बाग १९०६ मध्ये सर्वांसाठी उघडली. क्योटोकडून आणलेला तीनमजली पॅगोडा, तळी, कमळं. १९१६ मध्ये रवींद्रनाथ टागोर इथे पाहुणे होते. परतताना जपानमधल्या सर्वात मोठ्या चायनाटाऊनमध्ये एक फेरी मारा.

आणि घरी आल्यावर एखाद्या रविवारी मुलांना बॅलार्ड इस्टेटला न्या. भिंतीपलीकडे काय आहे, हे ती विचारतीलच. उत्तराची तयारी ठेवा!

जाण्यापूर्वी...

* कसं जाल? हानेदा विमानतळावरून ट्रेनने साधारण अर्धा तास. टोकियोत शिबुयाहून थेट मोतोमाची-चुकागाईपर्यंत गाडी आहे. सुइका किंवा पास्मो कार्ड घेतलंत की तिकिटाची कटकट नाही.
* कधी जाल? मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला साकुरा, नोव्हेंबरात सुखद गारवा. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जपान्यांना सुट्ट्या असतात, तेव्हा गर्दी टाळा.
* काय खाल? साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचं पाणी असतं, त्यामुळे शाकाहारींनी विचारूनच मागवावं. थेपले आणि मेतकूट सोबत असलेले बरे.