वृद्धांस विचारावें

मारेगांवाहून वणीमार्गें वर्धा नदी ओलांडली म्हणजे पुढें वरोऱ्यास आनंदवन लागतें. बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिती स्थापन केली. आणि समाजानें ज्यांना गांवाबाहेर घातलें होतें, त्याच कुष्ठरोग्यांनीं तेथें विहिरी खणल्या, शेतें पिकविलीं. आपली व्यवस्था लावण्यांत रोग्याचा हात असला म्हणजे तो केवळ दयेचा विषय राहत नाहीं.

वृद्धाश्रमासही हाच न्याय लागू आहे. २००७ च्या कायद्यांत प्रत्येक जिल्ह्यांत निदान दीडशें निराधार वृद्धांची सोय करण्याची तरतूद आहे. छप्पर मिळेल, अन्नही मिळेल. परंतु जन्मभर पहाटे चारला उठलेल्या शेतकऱ्यानें आठपर्यंत अंथरुणांत कां पडून राहावें? आमच्या एका आत्याबाईंस अशाच एका ठिकाणीं रोज मऊ भात वाढीत. त्यांस हवी होती दुधांत कुस्करलेली ज्वारीची भाकरी. कोणीं विचारिलें नाहीं, त्याही बोलल्या नाहींत. निम्में ताट परत जाई.

स्नानाची वेळ, जेवण, औषध कशाकरितां आहे, हें सर्व वृद्धाशींच बोलून ठरवावें, व प्रकृति पालटली कीं पुन्हां विचारावें. ऐकूं कमी येत असल्यास समोर बसून सावकाश बोलावें. मुलाशीं बोलून निघून जाऊं नये. विस्मरण झालेल्या आजीसही, दोन लुगडीं पुढें ठेविलीं तर एक निवडतां येतें.

अखेरच्या दुखण्यांत कोणते उपचार नकोत, हें शुद्धींत असतांना लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं मान्य केला. पण घरांतील वृद्ध हा विषय काढूं लागले, कीं “असें अभद्र बोलूं नका,” म्हणून आपणच त्यांचें तोंड बंद करितों.