गोठा पाडावा की सावरावा?

माळव्यातील आपल्या जुन्या मराठी घराण्यांपैकी पुष्कळांची नाळ अजूनही एखाद्या खेड्याशी जोडलेली आहे. 1948 साली होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले, 1951 च्या कायद्याने जहागिऱ्या गेल्या, पुढे घरोघर वाटण्या झाल्या. तरी थोडी काळी जमीन, एक विहीर आणि मोडकळीस आलेला एक गोठा एवढे कित्येकांकडे उरलेच. जमिनीचे काय करायचे ते बाजारभाव सुचवितो. गोठ्याचे काय करायचे ते मात्र आपले आपल्यालाच ठरवावे लागते.

आमचा गोठा देपालपूरच्या बाजूस आहे. नऊ खणांचा, सागवानी खांबांचा, मातीच्या जाड भिंतींचा, वर देशी कवेलू. पणजोबांनी तो बांधला तेव्हा त्यात माळवी बैलांच्या दावणी होत्या आणि माळ्यावर वर्षाचा कडबा मावत असे. आज तेथे दोन म्हशी, एक गाय आणि एक ट्रॅक्टर आहे. ज्वारी जाऊन सोयाबीन आले आणि कडब्याबरोबर माळ्याचे कामही संपले.

गेल्या श्रावणात एका रात्री पश्चिमेची भिंत बसली. वाटेकऱ्याची दोन मुले पावसाळ्यात त्याच भिंतीच्या आडोशाला निजत. त्या रात्री ती आजोळी गेली होती म्हणून वाचली. ही हकीकत ऐकल्यावर आम्ही तिघे भाऊ त्याच आठवड्यात गावी गेलो.

दादांचे म्हणणे सरळ होते. सगळे पाडावे, सिमेंटचे खांब उभे करावेत, वर पत्रे घालावेत. धाकट्याला हे मुळीच रुचले नाही. इंदूरच्या राजवाड्याचा मागचा भाग 1984 च्या आगीत जळाला आणि पुढे तो वीट, चुना, दगड, लाकूड यांतूनच पुन्हा उभा राहिला. मग आपणच पणजोबांची खूण का पुसावी, असे तो म्हणे. दोघांचेही थोडे खरे होते. पण राजवाडा शहराच्या स्मृतीसाठी उभा आहे. गोठ्याला रोज गुरे सांभाळायची असतात आणि माणसांना इजा होऊ द्यायची नसते. त्याचा निवाडा भावनेवर सोडून चालणार नव्हते.

तेव्हा गावचे वृद्ध सुतार आणि एक गवंडी यांना बोलावले. गवंड्याने आधी भिंतींना ओळंबा लावला. सुताराने टोच्याने प्रत्येक खांब तळाशी टोचून पाहिला. मग दोघेही वर पाहत वळचणीखालून चालत गेले. त्यांच्या तपासणीतून जे कळले ते इतरांच्याही उपयोगी पडेल.

मातीची भिंत शंभर वर्षे टिकते, पण तिचे डोके आणि पाय कोरडे हवेत. आमच्याकडे पश्चिमेच्या पाख्यावरची कवेलू माकडांनी विस्कटली होती आणि दहा वर्षांत कोणी घर शाकारले नव्हते. पाणी भिंतीच्या माथ्यात मुरत गेले. त्यात पूर्वी कधीतरी आम्हीच मजबुतीसाठी म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा करविला होता. शेणमातीचा गिलावा ओल बाहेर सोडतो; सिमेंटने ती आत कोंडली. म्हणजे भिंत म्हातारपणाने पडली नव्हती, आमच्या हयगयीने पडली होती.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यातच संपला तर इमारत जुनी असो वा नवी, दरवर्षी हलणारच. पश्चिमेचे तीन खण असेच होते. तेथील ओळंबा वीतभर सरकला होता. बाकीच्या सहा खणांचा पाया मुरमापर्यंत गेलेला निघाला. तेथील एका जुन्या भेगेवर गवंड्याने चुन्याची पट्टी ओढून ठेवली. एक पावसाळा आणि एक उन्हाळा ती तडकली नाही, तर भेग मेलेली समजावी. तडकली, तर दुरुस्तीवरचा पैसा वाया जाईल. लाकडाचेही तसेच. खांब वरून ठणठणीत होते, वाळवी आणि कुज फक्त तळच्या हातभरात होती. तेवढा भाग कापून, नवा तुकडा सांध्यात बसवून, खांब दगडी तळखड्यावर ठेवला की झाले. आढे आणि तुळया मात्र कुजल्या असत्या तर सुतारानेच पाडा म्हणून सांगितले असते.

शेवटी निर्णय असा झाला. पश्चिमेचे तीन खण उतरवायचे, त्यांतले निवडक सागवान उरलेल्या सहा खणांत वापरायचे, आणि मोकळ्या जागी मुरमापर्यंत पाया खणून ट्रॅक्टरसाठी नवी, उंच दाराची पत्र्याची शेड बांधायची. पत्रा वैशाखात तापतो, पण ट्रॅक्टरला त्याची तक्रार नाही. गुरे कवेलूंखालीच राहतील.

जमिनीवरून पुन्हा वाद निघाला. दादांना फरशी हवी होती. तेव्हा मला इंदूरचीच गोष्ट आठवली. 1924 ते 1931 या काळात येथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी ‘इंदूर पद्धती’चे खत सिद्ध केले. त्या पद्धतीत गोठ्याची मातीची जमीन गुरांचे मूत्र शोषून घेते. ती माती ठरावीक मुदतीने उकरून खतात मिसळायची आणि नवी भरायची. जी जमीन आपण मागासलेली म्हणून झाकू पाहतो, ती त्या खताचा कच्चा माल होती. अखेर म्हशींच्या दुधाच्या जागी उतार देऊन फरशी आणि बाकी ठिकाणी माती, यावर दादा राजी झाले.

या सगळ्याच्या आधी एक काम मात्र त्याच आठवड्यात केले. वाटेकऱ्याच्या कुटुंबाला विहिरीजवळची पक्की खोली उघडून दिली. इमारत ठेवायची की पाडायची याचा विचार महिनाभर चालला तरी चालेल. तिच्याखाली निजणाऱ्याला तोवर ताटकळत ठेवू नये.

आता दर ज्येष्ठात, पहिल्या पावसाआधी, तिघांपैकी एकाने गावी जाऊन घर शाकारून घ्यायचे ठरले आहे. यंदा पाळी माझी आहे.