पाटीवरचे शेवटचे अक्षर

पेठेत नवे दुकान थाटणारा व्यापारी जागा, भाडे आणि भांडवल यांचा जितका विचार करतो, तितकाच दुकानावरील पाटीचाही करतो. पाटी दुरून दिसावी, नाव उच्चारावयास सोपे असावे आणि एकदा वाचल्यावर ते लक्षात राहावे, अशी त्याची अपेक्षा असते. अलीकडे त्याला आणखी एक पाटी लागते. ही पाटी रस्त्यावर नसून इंटरनेटवर असते. तिला आपण संकेतस्थळाचा पत्ता किंवा डोमेन नाव म्हणतो. या दुसऱ्या पाटीचा विचार मात्र बहुधा घाईत आणि पुष्कळदा दुसऱ्याच्या भरवशावर केला जातो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. इंदूरमध्ये घरगुती मसाले तयार करणारी एक उद्योजिका आहे. व्यवसाय वाढला, बँकेचे कर्ज मिळाले आणि आता संकेतस्थळ हवे, असे तिने ठरविले. वेब डिझायनरशी झालेल्या पहिल्याच भेटीत तिने आपल्या अपेक्षा सांगितल्या : संकेतस्थळ पंधरा दिवसांत सुरू व्हावे, मोठ्या विक्री संकेतस्थळांसारखे दिसावे, गूगलवर शोधताच सर्वांत वर यावे आणि पत्ता ‘डॉट कॉम’ असावा. शेवटच्या अपेक्षेवर डिझायनर अडखळला. ते नाव आधीच कोणीतरी घेऊन ठेवले होते. मग त्याने ‘डॉट को’, ‘डॉट स्टोअर’, ‘डॉट शॉप’ असे पर्याय पुढे केले. पहिल्या वर्षाचे शुल्क अगदी नाममात्र होते. उद्योजिकेने मान डोलावली. त्या क्षणी तिने नेमके काय स्वीकारले, हे समजून घेण्यासाठी या प्रकरणाच्या मुळाशी जाणे आवश्यक आहे.

अपेक्षा कोणत्या, मर्यादा कोणत्या?

संकेतस्थळ करून घेणारा आणि करून देणारा यांच्यातील बहुतेक वाद पैशापेक्षा अपेक्षांवरून होतात. पंधरा दिवसांची मुदत डिझायनर पाळू शकतो. परंतु त्यासाठी उत्पादनांची छायाचित्रे, दरपत्रक, मजकूर आणि पाठवणीचे नियम ही सामग्री ग्राहकाने वेळेवर द्यावी लागते. ती हाती येईपर्यंत काम खोळंबते आणि दोष मात्र डिझायनरच्या माथी येतो. मोठ्या विक्री संकेतस्थळांमागे शेकडो तंत्रज्ञ अहोरात्र राबत असतात. त्यांची बरोबरी काही हजार रुपयांच्या अंदाजपत्रकात होणे शक्य नाही.

गूगलवरील क्रमांकाची हमी तर कोणीच देऊ शकत नाही. मजकुराची उपयुक्तता, इतर संकेतस्थळांनी दिलेले दुवे, मोबाइलवर पान उघडण्याचा वेग अशा अनेक गोष्टींवर तो क्रमांक अवलंबून असतो. पत्त्याच्या शेवटी ‘शॉप’ किंवा ‘स्टोअर’ हा शब्द आला म्हणून क्रमांक वर जात नाही, हे गूगलने २०१५ मध्येच जाहीर केले आहे. नव्या विस्ताराचे आमिष दाखविताना ‘त्यामुळे शोधात फायदा होतो’ असे कोणी सांगू लागल्यास ग्राहकाने सावध व्हावे.

ठिपक्यानंतरचा इतिहास

संगणक एकमेकांना अंकी पत्त्यांनी ओळखतात. माणसाला ते अंक लक्षात ठेवता येत नाहीत, म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नाव आणि अंकी पत्ता यांची सांगड घालणारी डोमेन नाम प्रणाली आखली. त्यानंतर ‘कॉम’, ‘नेट’, ‘ऑर्ग’, ‘एज्यु’, ‘गव्ह’, ‘मिल’ असे मोजके विस्तार अस्तित्वात आले. ‘डॉट कॉम’ प्रकारातील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या अमेरिकी संगणक कंपनीने नोंदविले. ‘कॉम’ हा शब्द व्यापारी आस्थापनांसाठी होता; पुढे तोच इंटरनेटचा समानार्थी शब्द बनला आणि सोपी नावे भराभर संपत गेली.

याच्या जोडीला प्रत्येक देशाला दोन अक्षरांचा विस्तार मिळाला. भारताचा ‘डॉट इन’, ब्रिटनचा ‘डॉट यूके’, जपानचा ‘डॉट जेपी’. येथे एक साधा नियम ध्यानात ठेवावा : रोमन लिपीतील दोन अक्षरांचा विस्तार हा कोणत्या ना कोणत्या देशाचा किंवा प्रदेशाचा असतो. तीन वा अधिक अक्षरांचे विस्तार सर्वसाधारण प्रकारचे असतात. इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१२ मध्ये नव्या विस्तारांसाठी अर्ज मागविले. अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर असूनही १,९३० अर्ज आले. ‘शॉप’, ‘ऑनलाइन’, ‘बँक’ यांसारखे शेकडो विस्तार त्यातूनच पुढे आले.

लहान बेटांचे मोठे उत्पन्न

काही देशांच्या वाट्याला आलेली दोन अक्षरे योगायोगाने मोलाची ठरली. प्रशांत महासागरातील तुवालू या चिमुकल्या राष्ट्राला ‘डॉट टीव्ही’ मिळाले. दूरचित्रवाणी आणि चित्रफितींच्या व्यवसायाला ही अक्षरे हवीहवीशी वाटली. त्यांच्या वापराच्या हक्कातून आलेल्या पैशाचा हातभार लागून तुवालू २००० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला.

कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या ब्रिटिश प्रदेशाची गोष्ट अधिक ताजी आहे. त्याचा विस्तार ‘डॉट एआय’. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील कंपन्या या अक्षरांवर तुटून पडल्या. २०२३ मध्ये सुमारे सोळा हजार वस्तीच्या या बेटाला त्यातून ३ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास उत्पन्न झाले. सरकारच्या एकूण महसुलाचा हा पाचव्या हिश्श्याहून मोठा भाग होता.

या आकर्षणामागे तीन कारणे आहेत. लहान आणि अर्थपूर्ण नाव मिळते, नाव आधुनिक वाटते आणि ‘डॉट कॉम’च्या जुन्या मालकाला भरमसाट किंमत मोजावी लागत नाही. ही तिन्ही कारणे खरी आहेत. प्रश्न इतकाच, की ग्राहकाच्या ओठांवर आणि बोटांवर ते नाव बसते का?

आकर्षणाची दुसरी बाजू

अमेरिकेतील ओव्हरस्टॉक या विक्री संकेतस्थळाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. कंपनीने २०१० मध्ये ‘ओ डॉट को’ हे नाव साडेतीन लाख डॉलर देऊन घेतले. २०११ मध्ये जाहिराती त्याच नावाने सुरू झाल्या. याहून छोटे नाव ते कोणते? परंतु अनेक ग्राहक सवयीने ‘ओ डॉट कॉम’ असे टंकित करीत. ते एकाक्षरी नाव राखीव असल्यामुळे तेथे काहीच नव्हते. जाहिरात पाहून आलेला ग्राहक बंद दारावरून परत जाऊ लागला आणि काही महिन्यांतच कंपनीला जुन्या नावाकडे वळावे लागले.

दुसरा धोका मालकीचा. देशाचा विस्तार घेणे म्हणजे त्या देशाच्या नियमांखाली भाडेकरू होणे. २०१० मध्ये लिबियाच्या ‘डॉट एलवाय’ विस्तारावरील ‘व्हीबी डॉट एलवाय’ हे नाव तेथील कायद्याशी विसंगत ठरवून काढून घेण्यात आले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिटनमधील धारकांची हजारो ‘डॉट ईयू’ नावे स्थगित झाली. युगोस्लाव्हियाचा ‘डॉट वाययू’ तर देशामागोमाग गेला. २०१० मध्ये तो कायमचा बंद झाला. संगणक क्षेत्रातील नवउद्योजकांचा आवडता ‘डॉट आयओ’ हा ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचा विस्तार आहे. त्या बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे सोपविण्याच्या करारावर २२ मे २०२५ रोजी सह्या झाल्या, तेव्हा या विस्ताराच्या भवितव्याची चर्चा साहजिकच सुरू झाली.

तिसरा धोका शुल्काचा आणि शेजाराचा. काही विस्तारांचे पहिल्या वर्षाचे शुल्क नाममात्र असते; नूतनीकरणाच्या वेळी ते अनेक पटींनी वाढते. तोकेलाऊ बेटांचा ‘डॉट टीके’ तर बराच काळ फुकट मिळत असे. फुकट नावांचा लाभ फसवणूक करणाऱ्यांनीच अधिक घेतला आणि विस्ताराची पत गेली. ती नावे वाटणारी कंपनी न्यायालयीन दाव्यानंतर २०२४ मध्ये या व्यवसायातून बाहेर पडली. ज्या गल्लीची ख्याती वाईट, त्या गल्लीतील सज्जन दुकानदाराकडेही गिऱ्हाईक संशयाने पाहते. पत्त्याचेही तसेच आहे.

घरचे पर्याय

आपला ‘डॉट इन’ विस्तार १९८९ पासून अस्तित्वात आहे. आरंभी त्याचे नियम कडक होते. २००५ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेच्या देखरेखीखाली तो सर्वांना सुलभपणे खुला झाला. ज्या व्यवसायाचे ग्राहक प्रामुख्याने भारतात आहेत, त्याच्यासाठी हा विस्तार सोयीचा आहे. देशाच्या विस्तारामुळे संकेतस्थळ कोणत्या देशातील लोकांसाठी आहे, याचा संकेत शोधयंत्रांनाही मिळतो.

ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील ‘डॉट भारत’ सुरू झाला. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी यांसह आठ भाषांना तो उपयोगी पडतो. मराठी नाव मराठी लिपीत लिहिण्याचा आनंद काही वेगळाच! मात्र देवनागरी ई-मेल पत्ता अनेक संगणकीय अर्ज अद्याप स्वीकारत नाहीत. म्हणून ‘डॉट भारत’ नावासोबत रोमन लिपीतील एक नावही घेऊन ठेवणे इष्ट.

नावाच्या हक्काबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००४ मधील सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स हा निर्णय महत्त्वाचा आहे. डोमेन नाव हा केवळ पत्ता नसून त्यात व्यापारचिन्हाचे गुण असतात आणि दुसऱ्याच्या नावलौकिकाचा गैरफायदा घेणाऱ्या नावाविरुद्ध दाद मागता येते, असे न्यायालयाने मानले. याचा अर्थ असाही, की दुसऱ्या कोणाचे प्रसिद्ध नाव वेगळ्या विस्तारासह घेणे ही युक्ती नव्हे, ते संकट आहे.

बँकांचा नवा पत्ता

विस्ताराची निवड ही केवळ आवडीनिवडीची बाब नाही, याचा प्रत्यय बँकिंग क्षेत्रातही आला आहे. बँकांच्या नावाशी साधर्म्य असलेले पत्ते घेऊन ग्राहकांना फसविण्याचे प्रकार रोखण्यासाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांकरिता ‘डॉट बँक डॉट इन’ हा स्वतंत्र विस्तार जाहीर केला. त्याची नोंदणी हैदराबाद येथील आयडीआरबीटी या संस्थेकडे सोपविण्यात आली आणि बँकांना स्थलांतरासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत देण्यात आली. बँकेखेरीज इतर कोणालाही हा विस्तार मिळू शकत नाही.

ग्राहकाने पत्ता उजवीकडून डावीकडे तपासण्याची सवय लावावी. पत्त्यातील पहिल्या तिरक्या रेषेपूर्वीचा भाग ‘डॉट बँक डॉट इन’ येथेच संपला पाहिजे. ‘बँक’ आणि ‘इन’ ही अक्षरे मध्येच येऊन पुढे आणखी ‘डॉट कॉम’ वा ‘डॉट टॉप’ असे काही असेल, तर तो पत्ता बँकेचा नव्हे. तसेच ‘बँक’ या शब्दापूर्वी ठिपक्याऐवजी आडवी रेघ असेल, तर तोही परका समजावा.

सही करण्यापूर्वी

आता पुन्हा इंदूरच्या त्या उद्योजिकेकडे वळू. तीन वर्षे लोटली. संकेतस्थळ चांगले चालले आहे. मागण्या, बिले आणि बँकेचा पत्रव्यवहारही त्याच डोमेनवरील ई-मेलने होतो आहे. अशा वेळी नूतनीकरणाची सूचना येते ती डिझायनरच्या जुन्या ई-मेलवर, कारण नाव त्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्याच नावे नोंदविले होते. तो आता दुसऱ्या शहरात नोकरी करतो. सूचना कोणीच वाचत नाही आणि एके सकाळी संकेतस्थळ नाहीसे होते.

हे संकट संकेतस्थळापुरते राहत नाही. नाव सुटले आणि ते दुसऱ्याने घेतले, तर त्या नावावर येणारा ई-मेलही त्याच्या हाती जातो. बँकेत नोंदविलेला ई-मेल तोच असेल, तर खात्याची सूचनापत्रे आणि परवलीचा शब्द बदलण्याचे दुवे कोणाकडे जातील, याचा विचार वाचकांनीच करावा. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

१. डोमेन नाव व्यवसायाच्या किंवा मालकाच्या नावे, मालकाच्या खात्यातून नोंदवावे. डिझायनरला काम करण्यापुरता प्रवेश द्यावा.

२. खात्यासाठी वापरलेला ई-मेल त्याच डोमेनवरील नसावा. अन्यथा नाव बंद पडताच सूचनाही बंद पडतात.

३. पहिल्या वर्षाचे नव्हे, तर नूतनीकरणाचे शुल्क विचारावे आणि शक्य असल्यास काही वर्षांचे एकदम भरावे.

४. मुदत संपलेले ‘डॉट कॉम’सारखे नाव लगेच दुसऱ्याला मिळत नाही, सोडवून घेण्यासाठी साधारणतः ३० दिवसांचा विशेष अवधी असतो. त्याचे शुल्क मात्र जबर असते. विलंब न लावता नोंदणीसंस्थेशी संपर्क साधावा.

५. पानांची संख्या, फेरबदलांच्या फेऱ्या, मजकूर पुरविण्याची जबाबदारी, मुदत आणि काम संपल्यावर सुपूर्द करावयाचे परवलीचे शब्द हे सर्व लेखी करारात असावे.

६. नाव निश्चित करण्यापूर्वी ते दूरध्वनीवरून एखाद्या परिचिताला सांगून पाहावे. त्याने न विचारता अचूक लिहिले, तर नाव उत्तम. ‘कॉम नव्हे, को’ असे सांगावे लागले, तर पुन्हा विचार करावा.

७. व्यवसायाच्या बँक खात्याशी जोडलेला ई-मेल आणि मोबाइल क्रमांक बदलल्यास शाखेला तत्काळ कळवावे.

नवा विस्तार घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. ज्याचे ग्राहक संगणक क्षेत्रातील आहेत, त्याला ‘डॉट एआय’ शोभून दिसेल. गृहोद्योगाला ‘डॉट इन’ पुरेल. पाटी आकर्षक असावीच. परंतु ती कोणाच्या भिंतीवर लावली आहे, भाडे किती आहे आणि खिळा कोणाच्या हाती आहे, हे पाटी टांगण्यापूर्वी पाहून घ्यावे. जागेची कागदपत्रे आपण ज्या काळजीने कपाटात कुलूपबंद ठेवतो, तीच काळजी या दुसऱ्या पाटीच्या कागदपत्रांनाही मिळाली पाहिजे.