मंत्रध्वनीची मोजदाद

परळीच्या वैजनाथमंदिरात गाभारा व सभामंडप एकाच पातळीवर असल्याने रुद्रपठणाचा घोष सभामंडपातल्या भाविकासही थेट ऐकू येतो. परंतु अशा घोषाने देहात काय घडते, याचा विश्वसनीय दाखला, गंमत अशी की, इटलीतून आला. पाव्हियाचे संशोधक लुचियानो बर्नार्डी यांनी सहकाऱ्यांसह २००१ साली २३ निरोगी व्यक्तींची तपासणी केली, तेव्हा ‘ॐ मणि पद्मे ॐ’चा जप काय किंवा लॅटिन ‘आवे मारिया’ काय, एकेका आवर्तनास सुमारे १० सेकंद लागत असल्याने श्वसन आपोआप मिनिटास ६ वर येते आणि रक्तदाबाचे नियमन अधिक तत्पर होते, असे आढळले. अमरावतीच्या सिपना अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापकांनी २००८ साली ॐकाराचे ध्वनिविश्लेषण प्रसिद्ध केले. मात्र अशा विश्लेषणात दिसणाऱ्या ध्वनितरंगांच्या नियमिततेवरून मनःशांतीचा निकाल देणे मला घाईचे वाटते.