चूल तिची, दर कोणाचा? महिलांचा पर्यटन व्यवसाय आणि आपण प्रवासी

(संगमनेर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आपलं संगमनेर पुणे-नाशिक रस्त्यावरचं गाव. मे महिना संपत आला की शनिवारी दुपारपासून बऱ्याच गाड्या इथून अकोल्याच्या रस्त्याला लागतात. पुढे राजूर, भंडारदरा, रतनवाडी. कोणाला काजवे बघायचे असतात, पावसाळ्यात रंधा धबधबा असतो, आणि कळसूबाईला तर सदाच गर्दी. प्रवरेचं पाणी जिथून आपल्याकडे येतं, तिथेच ही माणसं जातात. आज आपल्याला बोलायचंय ते त्यांच्या जेवणाबद्दल. तिथे भाकरी कोण थापतं, आणि त्या भाकरीचा दर कोण ठरवतं?

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1,646 मीटर. तिची एक कथा त्या भागात सांगतात. कळसू ही कोळ्याची मुलगी, रानात भटकण्याची तिला भारी आवड. डोंगराच्या पायथ्याशी एका घरी ती कामाला राहिली. अट एकच होती, भांडी घासायला आणि झाडलोट करायला सांगायचं नाही. एक दिवस घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला लावलीच. तिने ती घासली, आणि तडक डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. म्हणजे बघा, राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण एका भटक्या मुलीच्या नावावर आहे, आणि ती तिथे गेली कशामुळे, तर कामाची अट मोडली म्हणून. आजच्या विषयाचं सार मला या कथेत दिसतं.

पर्यटनात बाई तीन ठिकाणी भेटते. एक, गिऱ्हाईक म्हणून. फक्त महिलांच्या सहली आता आपल्या ओळखीच्या झाल्यात. वीणा पाटील यांनी 2013 मध्ये वीणा वर्ल्ड ही कंपनी सुरू केली, तिच्याही अशा सहली असतात. घरातली सासू किंवा आई पहिल्यांदा एकटी विमानात बसली, ही काही लहान गोष्ट नाही. दुसरी जागा कामाची. स्वयंपाक, धुणं, चादरी बदलणं. तिसरी जागा मालकाची. पहिल्या दोन जागा भरलेल्या असल्या म्हणून तिसरी आपोआप भरत नाही.

जगातही हेच चित्र आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेचा 2019 चा अहवाल सांगतो की जगभरात पर्यटनात काम करणाऱ्यांपैकी 54 टक्के बायका आहेत. आणि त्यांची कमाई पुरुषांपेक्षा सरासरी 14.7 टक्क्यांनी कमी आहे. संख्या जास्त, पैसा कमी.

आता हे घरच्या हिशेबात बघू. आकडे मी फक्त समजण्यासाठी धरतोय. समजा, एक पाहुणा एका रात्रीचे 1,500 रुपये देतो. शहरात बसून बुकिंग घेणाऱ्याने 600 ठेवले, गावातल्या मध्यस्थाने 400. घरापर्यंत आले 500. त्यात तांदूळ, तेल, गॅस, कोंबडी यांचे 300 गेले. उरले 200, आणि तेही घरधन्याच्या खात्यावर. पहाटे चहापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत राबली ती बाई. आता तोच पाहुणा थेट तिच्याकडे आला आणि त्याने 1,000 रुपये दिले, तर पाहुण्याचे 500 वाचले आणि तिला खर्च जाऊन 700 उरले. मध्यस्थ वाईटच असतो असं नाही हं. गिऱ्हाईक आणणं हेही काम आहे. प्रश्न वाट्याचा आहे, आणि तो वाटा ठरवताना ती बाई त्या बैठकीत होती का, याचा आहे.

असा व्यवसाय बायकांना जमतो का, असं कोणी विचारेल. आपल्याच राज्यात, सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला जा. तिथे स्वामिनी नावाच्या बचतगटाच्या महिलांनी 2017 मध्ये मांडवी खाडीत कांदळवन सफारी सुरू केली. होडी त्याच वल्हवतात, कांदळवनाच्या जाती आणि पक्षी त्याच दाखवतात. खाडी त्यांना लहानपणापासून ठाऊक होती. त्यात प्रशिक्षणाची भर पडली आणि त्या माहितीला मोल आलं. तिकडे नेपाळमध्ये पोखऱ्याला तीन छेत्री बहिणींनी 1994 मध्ये ट्रेकिंगची संस्था काढली. वाटाडे सगळे पुरुष, त्यामुळे एकट्या बायकांना डोंगरात सुरक्षित वाटेना. या बहिणींनी बायकांनाच वाटाडे म्हणून तयार केलं.

आपल्या अकोले तालुक्यात काय आहे? पुरुषवाडीत ग्रासरूट्स या संस्थेने गावाला सोबत घेऊन पर्यटन उभं केलं. पाहुणा गावातल्या घरी जेवतो. हे गावाचं पर्यटन आहे, केवळ बायकांचं नाही, पण पैसा घराच्या उंबऱ्यापर्यंत नेण्याची वाट त्याने दाखवली. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. त्यांचा व्यवसाय पर्यटनाचा नाही. पण गावठी बियाण्यांचं त्यांचं काम बघायला लांबून माणसं येतात. नाचणी, वरई, हुलगे, रानभाज्या यांची जाण या भागात घरोघरी बायकांकडे आहे. पाहुण्याला द्यायला याहून मोलाचं काय असणार?

मग अडतं कुठे? बहुतेक वेळा कागदावर. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, म्हणून नोंदणी त्यांची, खातं त्यांचं, कर्जही त्यांनाच. यावर दोन गोष्टी लक्षात ठेवा. ग्रामपंचायतीत घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करून घेता येते. आणि राज्य सरकारने 2023 मध्ये महिलांसाठी ‘आई’ हे पर्यटन धोरण आणलं. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी असलेला, महिलेच्या मालकीचा आणि तिनेच चालवलेला व्यवसाय असेल, तर 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, 12 टक्क्यांच्या मर्यादेत, सरकार परत देतं. सात वर्षं किंवा एकूण साडेचार लाख रुपये व्याज, यातलं जे आधी पूर्ण होईल तिथपर्यंत. हप्ते मात्र वेळेवर भरायला हवेत. मालकी तिची हवी, ही अट महत्त्वाची. बाईचं नाव पुढे करून धंदा दुसऱ्यानेच चालवायचा, हा आपल्याकडचा जुना रोग आहे, आणि सरपंचपदापासून तो आपण पाहिलाय.

शेवटी आपल्याबद्दल, म्हणजे प्रवाशांबद्दल. बुकिंग करताना फोनवर चार गोष्टी विचारा. घर कोण चालवतं? पैसे कोणाच्या खात्यावर जातील? जेवणाचे किती आणि राहण्याचे किती? गावातली वाटाडी बाई मिळेल का? दर कमी करायला घासाघीस करण्याऐवजी हे विचारलंत, तर समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक याकडे लक्ष देतंय. पत्ते कुठून मिळतील? पर्यटन संचालनालयाच्या नोंदणीतली घरं बघा. माविमच्या आणि ‘उमेद’च्या बचतगटांकडे चौकशी करा. तालुक्याच्या पंचायत समितीत ‘उमेद’ची माणसं भेटतात.

गेल्यावरही थोडं भान ठेवा. येणार किती जण ते आदल्या दिवशी कळवा. वीस सांगून आठ गेलात, तर बारा जणांचं अन्न आणि पैसा तिचा वाया जातो. रात्री अकराला पोचून गरम भाकरी मागू नका. काजवे एकमेकांना उजेडाने खुणा करतात, तुमच्या गाडीच्या दिव्यांनी आणि मोबाईलच्या फ्लॅशने त्या खुणा हरवतात. काजवे कमी झाले तर पुढच्या वर्षीचं तिचं गिऱ्हाईकही कमी होणार. आणि निघताना पैसे शक्यतो तिच्या हातात द्या, जेवण आवडलं असेल तर तिला नावाने सांगा. त्यासाठी आधी नाव विचारावं लागेल. तेवढं तरी आपण आल्या दिवशी करूच शकतो.