एका डोळ्याची गाडी

बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान चामटोली लागते. तेथें आमचें घर. २६ जुलै २०१९ च्या रात्रीं मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरांत अडकली व दुसरे दिवशीं हजाराहून अधिक उतारूंना सोडवावें लागलें, तें ठिकाण हेंच. अशा ओल्या मुलखांत लोखंड फार दिवस साजूक राहत नाहीं.

गेल्या श्रावणांत एके दुपारीं पुतण्या सांगत आला, "काका, पिकपचा उजवा दिवा गेला. डावा आहे, आज चालवून नेऊं." रात्रीं नऊच्या गाडीनें आमची आत्या बदलापुरास उतरणार होती. आम्हीं साफ नकार दिला. आपल्याकडे वाहनें डावीकडून चालतात. उजवा दिवा विझला कीं समोरच्यास कडेचा एकच दिवा दिसतो, तो त्यास मोटारसायकल समजतो, आणि जी जागा मोकळी वाटते तेथें आपल्या गाडीचें अर्धें अंग असतें!

बॉनेट उघडलें. दिवा अगदींच विझलेला नव्हता, निखाऱ्यासारखा तांबूस धुगधुगत होता. फ्यूज शाबूत. मग दोन्ही बल्बांची अदलाबदल केली (कांचेस बोट न लावतां, बोटाचा तेलकट डाग तापून हॅलोजनची कांच निकामी होते). उजवीकडचा बल्ब डावीकडे लखलखला आणि डावीकडचा चांगला बल्ब उजवीकडे मंदावला. म्हणजे बल्ब निर्दोष! नव्याचे पैसे तेथेंच वांचले.

पुतण्यानें बल्ब काढून होल्डरांत मल्टिमीटर लावला. साडेबारा व्होल्ट भरले. "वायरिंगहि ठीक आहे," तो म्हणाला. येथेंच पुष्कळ जण फसतात. बल्ब नसतां प्रवाह वाहत नाहीं, आणि प्रवाहावांचून गंजलेला सांधा आपलें खरें रूप दाखवीत नाहीं. नळाची तोटी बंद असतां चोंदलेल्या नळांतहि पाण्याचा दाब पुरा भरतो, तसेंच हें. ५५ वॅटचा दिवा सुमारें साडेचार अँपिअर ओढतो. तो ओढूं लागला कीं मगच खोट उघडी पडते.

म्हणून बल्ब बसवून दिवा लावला. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकास आणि दुसरी होल्डरच्या अर्थच्या पिनेस मागून टेकविली. कांटा शून्याजवळ हवा, तो चार व्होल्टांवर गेला! दिव्यास मिळत होते जेमतेम आठ. व्होल्टेज एक दशांशानें घटलें तरी उजेड जवळजवळ तीन दशांशांनीं घटतो. मग एवढ्या तुटीनें धुगधुगीच उरावयाची.

अर्थची तार जेथें बोल्टनें पत्र्यास जोडलेली, तेथें रंगाखालीं गंजाचा पापुद्रा निघाला. बॅटरीची तार सोडून आम्हीं तो पॉलिशपेपरनें घासला, पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलिन फांसलें. पुन्हां मोजलें, तों एक दशांश व्होल्ट! जाणत्या म्हणविणाऱ्या एका शेजाऱ्यानें पूर्वीं अधिक वॅटचा बल्ब सुचविला होता. तो ऐकला असता तर गंज तसाच राहून होल्डर मात्र वितळला असता.

साडेआठास निघालों. वाटेंत पावसाची सर आली. आत्या बसतांच म्हणाली, "उजेड बरा पडतो रे तुझ्या गाडीचा." पुतण्या आमच्याकडे पाहून हंसला.