शेतातले सोने कुणाचे?

मी सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन शेतांतून हिंडतो हे मंडळात कळल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, "काही सापडले का?" आणि दुसरा, आवाज थोडा खाली आणून, "मग ते आपल्याला ठेवता येते का?" पहिल्याचे उत्तर एका वाक्यात देता येते: खिळे, बंदुकीच्या गोळ्या, कोकच्या डब्याच्या कड्या, आणि अधूनमधून एखादे नाणे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांब आहे. त्यात पैसा आहे, कायदा आहे आणि प्रसंगी तुरुंगही आहे, म्हणून संपादकांनी या पानावर जागा दिली.

लिहिण्याची घाई करण्याचे कारण असे, की या उन्हाळ्यात आपल्या परिचयाच्या तीन घरांत ही यंत्रे आली आहेत. त्यांपैकी एका घरातल्या चिरंजीवांनी जवळच्या कौन्सिलच्या बागेत खणायला सुरुवात करायचे ठरवले होते, आणि "बाग तर सार्वजनिक आहे" असे त्यांच्या वडिलांचेही मत होते. हे मत अतिशय महाग पडू शकते.

आधी यंत्राविषयी दोन शब्द, कारण इंजिनियरला तेवढे लिहिल्याशिवाय राहवत नाही. तळाशी असलेल्या चकतीतल्या वेटोळ्यातून काही हजार हर्ट्झचा प्रवाह खेळवला की जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होते. धातू आड आला की त्यात प्रवाह उमटतो आणि तो दुसऱ्या वेटोळ्याला कळतो. परत येणारा संकेत मूळ संकेताच्या किती मागे आहे यावरून यंत्र एक आकडा दाखवते. लोखंडाचा आकडा खाली, चांदी-तांब्याचा वर. गंमत अशी की सोन्याच्या लहान अंगठीचा आणि डब्याच्या ॲल्युमिनियमच्या कडीचा आकडा जवळजवळ सारखाच येतो. त्यामुळे ज्याला सोने हवे त्याला कड्या खणाव्याच लागतात. दोनशे-तीनशे पौंडांचे यंत्र शिकाऊ माणसाला पुरते. हजार पौंडांचे यंत्र कड्या थोड्या अधिक खोलवरच्या काढते.

आता मुख्य मुद्दा. इंग्लंड आणि वेल्समध्ये परवानगी असल्याशिवाय चालेल अशी मालक नसलेली जमीन नाही. बाग कौन्सिलची असते, रान कुणा ट्रस्टचे असते, समुद्रकिनाराही कुणाच्या तरी मालकीचा असतो. शेतातून सार्वजनिक पायवाट जात असेल तर आपल्याला चालण्याचा हक्क मिळतो, खणण्याचा नाही. परवानगीशिवाय एखादी वस्तू उचलून नेली तर ती चोरी ठरू शकते, मग ती हजार वर्षे मातीत पडलेली का असेना. जी ठिकाणे सरकारने संरक्षित स्मारके म्हणून नोंदली आहेत तिथे तर मालकाने होकार दिला तरी भागत नाही. १९७९ च्या कायद्यानुसार तिथे परवान्याशिवाय डिटेक्टर चालवणे हाच गुन्हा आहे, काही सापडो वा न सापडो. लंडनमध्ये थेम्सच्या काठावरच्या गाळात शोधायचे तर पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. (त्या गाळात शोधणाऱ्यांना आपल्याच लोकांनी गंगा समजून सोडलेल्या पणत्या आणि पितळी मूर्ती नेहमी सापडतात, तो भाग वेगळा.)

परवानगी मिळवायची कशी? पत्र पाठवून मला एकदाही मिळाली नाही. प्रत्यक्ष जाऊन, चिखलाचे बूट घालून, हंगाम नसताना विचारले तर मिळते. ऐन कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला गाठू नये. आपल्याकडे सुगीत कुणी मळ्यात येऊन गप्पा मारत बसला तर काय होईल ते आठवावे. मी ज्यांच्या शेतात जातो त्या गृहस्थांनी पहिल्या दोन भेटींत नकार दिला. कारण रात्रीचे चोर. न विचारता अंधारात येऊन पेरलेल्या शेतात खड्डे करून जाणारी टोळकी इथे आहेत, त्यांना 'नाइटहॉक' म्हणतात. एकदा त्यांच्यामुळे या गृहस्थांच्या गाईचा पाय खड्ड्यात अडकून मोडला होता. तिसऱ्या भेटीत मी विम्याचा कागद दाखवला. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंग या संघटनेच्या वर्गणीतच आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई करणारा विमा येतो. कागद वाचून ते म्हणाले, "कुंपणापलीकडचे एक शेत बघ. मेंढ्या असतील तेव्हा नाही."

तोंडी होकारावर मात्र थांबू नये. एक पानाचा करार पुरतो: कोणती शेते, कोणत्या महिन्यांत, सापडलेल्या वस्तूचे काय करायचे, विकली तर वाटणी कशी. शेत कसणारा कूळ असेल तर जमिनीच्या मालकाचीही सही हवी. खजिन्याच्या व्याख्येत न बसणारी वस्तू सामान्यतः जमीनमालकाची असते, सापडवणाऱ्याची नाही. तेव्हा निम्मा हिस्सा कागदावर नसेल तर आपला हिस्सा शून्य धरावा.

खजिना म्हणजे काय, हे १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टने ठरवले आहे. ३०० वर्षांहून जुनी आणि निदान १० टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू. एकाच जागी सापडलेली, तितकीच जुनी, सोन्याचांदीची दोन किंवा अधिक नाणी. तांब्यासारख्या हलक्या धातूची असतील तर दहा. एकटे नाणे, सोन्याचे असले तरी, सहसा खजिना ठरत नाही. ही व्याख्या किती तोकडी होती ते २०१० साली दिसले. कंब्रियातल्या क्रॉस्बी गॅरेट इथे रोमन घोडेस्वाराचे मुखवट्यासह अख्खे शिरस्त्राण सापडले. ते काशाचे, म्हणून खजिना नाही. लिलावात ते सुमारे २३ लाख पौंडांना खाजगी संग्राहकाकडे गेले आणि कार्लाइलचे संग्रहालय बघत राहिले. जुलै २०२३ पासून कायदा रुंदावला: २०० वर्षांहून जुनी, धातूचा अंश असलेली आणि असाधारण महत्त्वाची वस्तू आता खजिना ठरू शकते.

खजिना असावा अशी शंका आली की १४ दिवसांच्या आत कॉरोनरला कळवावे लागते. प्रत्यक्षात आपण जिल्ह्याच्या फाइंड्स लायझन ऑफिसरकडे जातो. तो पुढचे पाहतो. कळवले नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कळवले, संग्रहालयाला वस्तू हवी असली, तर तज्ज्ञांची समिती बाजारभाव ठरवते आणि ती रक्कम साधारणपणे सापडवणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. विनापरवानगी शिरलेल्याचा हिस्सा कापला जातो, कधी पूर्णच. कुठल्याच संग्रहालयाला वस्तू नको असेल तर ती परत मिळते.

माझा स्वतःचा खजिना एकच, तोही करंगळीएवढा. गेल्याच्या गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये, गहू कापून धसकटे उभी असताना, त्या कुंपणापलीकडच्या शेतात चांदीची एक अंगठी निघाली. सोबत आलेला ओळखीचा एक जण हसत म्हणाला, "खिशात टाक, कुणाला कळणार?" मी ती पिशवीत घालून सरळ शेतघरावर गेलो. त्या घरात बाई एकेचाळीस वर्षे राहत होत्या. त्यांनी हात पुसून अंगठी तळहातावर घेतली आणि बराच वेळ कुणी काही बोलले नाही. लायझन ऑफिसरने ती पंधराव्या शतकाच्या आसपासची ठरवली. वीस महिन्यांनी जिल्ह्याच्या संग्रहालयाने ती ४०० पौंडांना घेतली. त्यातले २०० शेतकऱ्याला, २०० मला. त्याच आठवड्यात मला आणखी दोन शेतांची परवानगी मिळाली आणि शेजारच्या मळ्याच्या मालकाचा फोन आला.

आमच्या घरचा हिशेब सौ. ठेवते, आणि तो तिच्याच वहीतून देतो. तीन वर्षांत यंत्र २८० पौंड, जवळचा धातू दाखवणारी कांडी ९०, फावडे ३५, बूट-हातमोजे ७५, संघटनेची वर्गणी ४०, पेट्रोल ३३०. एकूण ८५०. जमा: अंगठीचे २००, विकलेल्या नाण्यांतला निम्मा वाटा ३४, शिशाच्या भंगाराचे ११. एकूण २४५. म्हणजे ६०५ पौंडांचा तोटा. शेवटी तिने "जिमची वर्गणी वाचली" असे लिहून कंसात प्रश्नचिन्ह टाकले आहे. यंत्र कर्जावर घेऊन 'फिटून जाईल' असे म्हणणाऱ्यांनी ही वही जरूर मागून न्यावी.

मग ती वर्तमानपत्रांतली लाखांची बक्षिसे? ती खरी आहेत. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात निघालेल्या अँग्लो-सॅक्सन सोन्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली आणि ती सापडवणारा आणि शेतकरी यांच्यात वाटली गेली. पण माझ्या मते लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट सफोकमधल्या हॉक्सन गावची. नोव्हेंबर १९९२ मध्ये एरिक लॉज हे निवृत्त गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि रोमन सोन्याचांदीची नाणी व चमचे हाती लागले. त्यांनी थोडे बाहेर काढले आणि मग खणणे थांबवून कळवले. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना सारे जागच्या जागी मिळाले. सुमारे पंधरा हजार नाणी, दागिने, आणि ते लाकडी पेटीत आत लहान डब्या ठेवून कसे रचले होते याच्या खुणासुद्धा. जागा हरवलेली वस्तू ही वेळ न नोंदलेल्या लॉगच्या ओळीसारखी असते: काहीतरी घडले एवढेच कळते. लॉज यांना साडेसतरा लाख पौंड मिळाले. तेव्हाच्या कायद्याने सारी रक्कम त्यांची होती. त्यांनी ती शेतकऱ्याबरोबर वाटून घेतली. हातोडाही मिळाला आणि ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसला.

याच्या उलट टोक हेरफर्डशायरचे. २०१५ मध्ये लेमिन्स्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा सापडला. सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज आहे. त्यांनी ती दडवून गुपचूप विकायला काढली. हाती लागली फक्त तीसेक. २०१९ मध्ये एकाला १० आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती साडेसहा आणि पाच वर्षांवर आली. गुपचूप विकणारे नेहमी पडेल भावाने विकतात, हे निव्वळ व्यवहाराच्या नजरेनेही ध्यानात घ्यावे. सरळ मार्गाने गेले असते तर कायदेशीर हिस्साच लाखांत गेला असता.

विक्रीबद्दल थोडक्यात. एखादी वस्तू ६,००० पौंडांपर्यंत विकली तर सहसा कॅपिटल गेन्स टॅक्स लागत नाही. त्यापुढे, किंवा नियमित खरेदी-विक्री सुरू केलीत तर, अकाउंटंटला विचारावे. इथल्या मातीतून निघालेली, ५० वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची तर किंमत कितीही कमी असो, निर्यातीचा परवाना लागतो. नातवाने आजोबांसाठी सुटकेसमध्ये टाकलेले रोमन नाणेही यात येते. आणि कृपा करून नाणी घासू नका. माझी आई नाशिकहून आली होती तेव्हा चिंच आणि मीठ घेऊन माझ्या डब्याकडे निघाली होती, वेळीच अडवली. घासलेल्या नाण्याची निम्मी किंमत मोरीत वाहून जाते.

तब्येतीचे म्हणाल तर चार-पाच मैल चालणे आणि शंभर वेळा वाकणे होते. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे, गवतातल्या गोचिडीसाठी पाय झाकावेत. बॉम्ब किंवा तोफगोळ्यासारखे काही दिसले तर हात न लावता दूर जाऊन ९९९ फिरवावा. महायुद्धातले अजून निघतात.

हे सारे इंग्लंड-वेल्सचे. स्कॉटलंडमध्ये जुनी सापडलेली वस्तू राजसत्तेची असते, ती कळवावीच लागते आणि बक्षिसात जमीनमालकाचा वाटा नसतो. उत्तर आयर्लंडमध्ये पुराणवस्तू शोधण्यासाठी खणायलाच परवाना लागतो. यंत्र गावी नेऊन पडक्या वाड्यात किंवा गडावर चालवण्याचा विचार असेल तर तोही आवरावा. १८७८ च्या भारतीय कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले की कलेक्टरला कळवावे लागते, आणि संरक्षित गडांवर खणणे गुन्हा आहे.

करारनाम्याचा नमुना माझ्याकडे आहे. हवा असेल त्यांनी दिवाळीच्या कार्यक्रमात मागून घ्यावा. यंत्रही आणीन. मात्र ते हॉलच्या आतच चालवून दाखवीन. बाहेरची हिरवळ कौन्सिलची आहे.